तीन किल्ल्यांचं कपाट

४ फेब्रुवारी, सकाळी ७
अक्काच्या वॉकरचा खरा खर्च आज मांडला. पावतीवरचा आकडा सोडा, तो कुणीही वाचेल. खरा खर्च असा: दुकान अर्धा दिवस बंद. टॅक्सी दोनदा, कारण पहिला वॉकर बुटका निघाला आणि त्यावर वाकून चालताना अक्का काहीतरी हरवलेलं शोधतेय असं वाटत होतं. वॉकरवाल्या दुकानदाराशी भांडण, त्यात घसा तीन दिवस बसला. तेवढ्यात घराबाहेर अडकलेलं एक गिऱ्हाईक माझं बंद दुकान बघून दुसऱ्या कुलूपवाल्याकडे गेलं ते कायमचंच गेलं. आणि हिचा अबोला, दोन दिवस, कारण भांडणाच्या भरात मी दुकानदाराची तुलना हिच्या भावाशी केली.
वापर किती? सात आठवडे. आता अक्का काठीवर चालते आणि वॉकर गॅलरीत उभा आहे. त्यावर टॉवेल वाळतात.
हे लिहितानाच विचार आला. असा एकेक वॉकर घरोघर उभा असणार. माळ्यावर कुबड्या, पलंगाखाली कमोडची खुर्ची. ज्याला हव्यात तो दुकानदाराकडून लुटला जातोय. हे सगळं एका जागी आणलं तर? समाज सुधारत नाही, कारण जो तो दुसरा कुणीतरी सुरुवात करील म्हणून वाट बघतो. एका माणसाच्या मनात करुणा जागी झाली की पुरे.
एक माणूस म्हणजे मीच. अठराव्या वर्षी माझ्याकडे दोन हात आणि किल्ल्या घासायच्या बारा कानशी होत्या. त्या बारा कानशींवर हे दुकान उभं केलं. कुणाचं खिळाभर देणं नाही. ज्याने कुणाकडून काही घेतलं नाही, द्यायचा अधिकार त्यालाच.
संकल्प: सेवा. आजपासून.

९ फेब्रुवारी
हिला योजना सांगितली. म्हणाली, छान आहे, आधी अक्कांच्या आंघोळीचं पाणी काढा. नोंद: महान कार्याला पहिला विरोध घरातून.
अक्काला सांगितली. अक्का मला अजून बाळ्या म्हणते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. म्हणाली, बाळ्या, चांगलं सुचलं रे. फक्त कुलूप लावू नकोस.
अक्काला दिसायचं कमी झालंच होतं.

१५ फेब्रुवारी
सहा दिवस घरोघर फिरलो. लोक वस्तू अशा झटपट देतात की संशय येतो. वॉकर चार (अक्काचा धरून), कुबड्यांच्या जोड्या पाच, काठ्या सहा, कमोडच्या खुर्च्या दोन, चाकाची खुर्ची एक. शिवाय एका बाईने एकटीच कुबडी दिली. दुसरी कुठे, विचारलं. म्हणे, दुसऱ्या बाजूला मीच असायचे. असं म्हणून हसली आणि मग दार लावून घेतलं. पावती दाराखालून सरकवली. नियम म्हणजे नियम.
एकूण एकोणीस नग. प्रत्येकावर पंचने आकडा ठोकला. अक्काचा वॉकर नंबर एक.
ही म्हणते, एक नंबर घरीच ठेवा. कारण डॉक्टरांनी सांगितलंय: अक्काच्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन २८ एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं राहायचं. दोन दिवसांत उभी राहिली तर चालेल. नाही राहिली तर या वयात अंथरूण धरेल ते धरेलच. मी म्हटलं, कपाट म्हणजे घरच. उलट घरापेक्षा सुरक्षित. घरी टॉवेल वाळतात.

२० फेब्रुवारी
कपाटाला जागा मिळाली, पण शेजार वाईट.
माझ्या दुकानात आणि टेलरबाईच्या दुकानात मधे जुन्या दाराची चौकट आहे, कित्येक वर्षं फळ्या मारून बंद. फळ्या काढल्या आणि कपाट त्या चौकटीत अस्सं बसलं की बोट जाणार नाही. तोंड माझ्याकडे, पाठ तिच्याकडे. पुढचं दार पोलादी. पाठीला साधी प्लायची फळी आणि सहा स्क्रू. आमच्या धंद्यात दार बघतात. पाठ कोण बघतो?
टेलरबाई म्हणाली, ठेवा की, माझी भिंत काय झिजते? एवढंच. कार्याबद्दल एक शब्द नाही. या बाईला पाहिलं की माझं डोकं फिरतं. वाटेवरच्या कुणाचंही तुटलेलं बटण फुकट लावून देते. फुकटच्या बटणाने समाज आळशी होतो. आज बटण, उद्या शर्टच मागतील. दिवसभर चार माणसं तिच्याकडे उगाच बसलेली. तिच्या दुकानाला पाटी नाही, गल्ल्याला कुलूप नाही. कुलूपवाल्याशेजारी राहून! हा सरळ अपमान आहे.

३ मार्च, दुपारी ४
कुलूप पूर्ण. अकरा दिवस लागले. तीन किल्ल्या, तिन्ही एकदम फिरल्या तरच उघडतं. एक जरी नसली तरी दगड. आत पोलादी पत्रा, म्हणजे ड्रिलचाही प्रश्न नाही. चाळीस वर्षांत असं कुलूप केलं नव्हतं. कान लावून ऐकलं. खट, खट, खट, आणि मग लोण्यात सुरी जावी तसा एक आवाज. माझे कान असे आहेत की नुसत्या आवाजावरून किल्ली कुणी फिरवली ते सांगतो.
माझ्या परवानगीशिवाय हे कपाट उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय.
अक्का आली, बघून म्हणाली, बाळ्या, लंगड्या माणसाला तीन दारं कशाला?
तीन दारं नाहीत. तीन किल्ल्या. म्हातारपणी आकडा कळतो, वस्तू कळत नाही.

५ मार्च
समितीची स्थापना. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी मेहुण्यांकडे: हिचे धाकटे भाऊ, रिटायर्ड हेडक्लार्क, आयुष्यात एकही कागद सहीशिवाय जाऊ दिला नाही, त्यात स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही आली. तिसरी कंपाउंडरकडे: चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधली, आजारी माणूस खरा की खोटा हे चालण्यावरून ओळखतो.
मेहुण्यांनी चार पानी अर्ज तयार केला. उत्तम अर्ज. कलम सहा: पाय मोडण्याचे कारण व त्यात अर्जदाराची चूक किती. कलम नऊ: दोन जामीनदार, दोन्ही पायांनी धडधाकट. कलम बारा: अर्ज दिल्यावर सात दिवस थांबणे, म्हणजे भावनेच्या भरात मागणी होणार नाही. कलम चौदा मी स्वतः सांगितलं: घेतलेली वस्तू मुदतीत परत न करणारा चोर समजला जाईल व त्याचे नाव दुकानाबाहेर फळ्यावर लावले जाईल. मेहुणे म्हणाले, भाऊजी, हे जरा कडक होतंय. मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू वर्षानुवर्षं दाबून बसणाऱ्या माणसाची मला किळस येते.
उघडण्याची वेळ: मंगळवार, चार ते साडेचार.

९ मार्च
पहिला लाभार्थी! अभिनंदन.
बेकरीवाला आला. आईला कमोडची खुर्ची हवी. अर्ज दिला. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. आईला दाखवायला घेऊन या, असं कंपाउंडर म्हणाला. बेकरीवाला म्हणाला, अहो, ती आली असती तर खुर्ची कशाला मागितली असती? कंपाउंडर म्हणाला, उद्धटपणा नको. बेकरीवाला अर्ज टेबलावर ठेवून गेला. तोही कोरा.
निष्कर्ष: खरी गरज असती तर थांबला असता. कपाटाने पहिल्याच दिवशी एक लबाड माणूस ओळखला.
जाताना टेलरबाईकडे शिरला. शिरणारच. रडायला जागा लागते.

१७ मार्च
मंगळवार. रंगारी शिडीवरून पडला म्हणे, पायाला प्लास्टर. एका पायावर उड्या मारत तीन वाजताच आला. चारला या म्हटलं. चार वाजता मी आलो, मेहुणे आले, कंपाउंडर घरी झोपलेला. पावणेपाचला उठून आला, पण वेळ साडेचारला संपली होती. नियम मेहुण्यांनीच केलेला, ते तरी कसा मोडणार? रंगाऱ्याला पुढच्या मंगळवारी बोलावलं. म्हणाला, पुढच्या मंगळवारी मी दोन पायांवर येतो आणि तुम्हाला एका पायावर घालवतो.
हा भाषेचा दर्जा. अशा समाजाची सेवा करायची आहे.

१८ मार्च
अक्काने हल्ली नवीन खूळ काढलंय. दुपारी काठी टेकत टेलरबाईकडे जाऊन बसते, काजं-बटणं करून देते. तिला चष्म्याशिवाय ताटातलं दिसत नाही आणि सुईत दोरा कसा ओवते देव जाणे. हिला म्हटलं, अडव. ही म्हणाली, त्यांचं मन रमतंय, तुमचं काय जातंय?
माझं नाव जातंय. कुलूपवाल्याची बहीण बटणवालीकडे.

२४ मार्च
कपाटात उंदीर झालेत.
भरदुपारी आतून आवाज येतात. आधी बारीक करकर, मग धडपड, मग काहीतरी ओढल्यासारखं. माझे कान खोटं बोलत नाहीत: तीन उंदीर, एक चांगलाच मोठा. कपाट उघडून बघायचं तर तीन किल्ल्या हव्यात आणि आज मंगळवार असूनही कंपाउंडर लग्नाला गेलेला. दाराखालच्या फटीतून मूठभर डांबरगोळ्या आत सारल्या. आतून कुणीतरी शिंकल्याचा भास झाला. आवाज थांबले.
माझा स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाही. पिवळ्या मुठीचा. गिऱ्हाइकाने ढापला असणार. जमाना असा आहे.

२९ मार्च
आज विलक्षण योगायोग. रंगारी रस्त्याने गेला, कुबड्यांवर. मी मुद्दाम दारात उभा राहिलो. त्याने मान डोलावली, हसला. पाहिलं का? ज्याला नकार मिळाला त्याने स्वतः मिळवल्या. यालाच मी स्वावलंबन म्हणतो. कपाटाने न देऊन त्याला उभं केलं. सेवेचा हा प्रकार कुणी अजून लिहिलेला नाही, भाषणात घ्यायला हवा.
कुबडीवर आकडा होता, सात. माझ्या सात नंबरसारखाच. माझी पंचची पद्धत लोकांनी उचलली, याचा अर्थ कार्य पसरतंय.

४ एप्रिल
मेहुणे आणि कंपाउंडर यांचं भांडण.
मुद्दा: वस्तू परत आली की आधी औषधाने पुसायची आणि मग वहीत चढवायची, की आधी चढवायची आणि मग पुसायची. कंपाउंडर म्हणाला, न पुसता वहीला हात लावलात तर वहीला रोग होईल. मेहुणे म्हणाले, न चढवता पुसलीत तर वस्तू परत आली याला पुरावा काय? दीड तास. शेवटी कंपाउंडरने मेहुण्यांना फायलीतलं झुरळ म्हटलं आणि मेहुण्यांनी कंपाउंडरला पाणी घातलेलं औषध म्हटलं. दोन्ही वर्णनं अचूक आहेत, पण मी बोललो नाही. अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं.
आजपर्यंत परत आलेल्या वस्तू: शून्य. कारण दिलेल्या वस्तू: शून्य. म्हणजे भांडण केवळ तत्त्वाचं होतं. मोठ्या संस्थांचं असंच असतं.

६ एप्रिल
कंपाउंडर मुलीकडे निघून गेला. बसने सहा तास. किल्ली खिशात घेऊन. निरोप ठेवला: झुरळ लेखी माफी मागेपर्यंत परत येणार नाही. (झुरळ तर तोच म्हणाला होता. पण असो.)
मेहुणे म्हणतात, माफी द्यायला हरकत नाही, कंपाउंडरने तसा अर्ज करावा.

१० एप्रिल
व्यापारी मंडळाच्या सभेत बोलायची पाच मिनिटं मिळाली. सत्कार नाही, पण माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती, खांबामागे. बोललो: एक माणूस मनात आणील तर समाज बदलू शकतो. माझं कपाट बघा. दोन महिने होत आले, एकोणीसच्या एकोणीस नग जागेवर. एक टाचणी गेलेली नाही.
टाळ्या थोड्या. एक हार्डवेअरवाला उठून म्हणाला, न जाण्यासाठीच ठेवलेत का? लोक हसले. हार्डवेअरवाल्यांना सेवा कळत नाही, ते वजनावर विकतात.

१५ एप्रिल
टेलरबाईच्या दुकानात हल्ली लंगडी गिऱ्हाइकं फार. माणसं एकटी येतात आणि जाताना कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन जातात. पडद्यांच्या दांड्या असाव्यात. शिवणकाम सुटून आता दांड्या विकायला लागली. आज तर बेकरीवाला खुर्चीएवढं गाठोडं उचलून तिच्याकडे घेऊन येत होता. उशी एवढी मोठी? मला बघून चपापला. चपापणारच, अर्ज कोरा ठेवून गेला होता.
आणि सगळे जाताना अक्काच्या पाया पडतात. बटणं लावल्याबद्दल! या गावात कशाची काय किंमत करतात कळत नाही.
डांबरगोळ्यांचा वास मात्र तिच्याच दुकानातून येतो. उंदीर तिच्याकडे पळाले. योग्य जागी गेले.

२६ एप्रिल
परवा अक्काचं ऑपरेशन. ही सकाळपासून मागे लागली आहे: वॉकर काढा, वॉकर काढा. मी म्हटलं, काढू. किल्ली सहा तासांवर आहे, एवढंच. ही म्हणाली, मग नवीन आणा. त्या दुकानदाराच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही, असं मी तिथे सगळ्यांसमोर सांगून आलोय. शिवाय आपला एक नंबर आपल्याच कपाटात असताना बाहेरून विकत आणायचा म्हणजे कपाटावर अविश्वास. लोक काय म्हणतील?
ही म्हणाली, लोक आत्ता काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, माझ्या कानांतून काही सुटत नाही. तिने बघितलं माझ्याकडे.
अक्का मात्र शांत. म्हणाली, होईल रे बाळ्या, वॉकरचं होईल. तू जेव.

२८ एप्रिल, संध्याकाळी
ऑपरेशन नीट झालं. उद्या अकराला उभं करणार. वॉर्डातला वॉकर एकच, तो तीन जणांत फिरतो. नर्स म्हणाली, आपापला आणा, नाहीतर उद्या उभं राहणं नाही, आणि उद्या नाही तर अवघड आहे.
कंपाउंडरला फोन. म्हणाला, लेखी माफी. मेहुण्यांना फोन. म्हणाले, विहित नमुन्यात अर्ज. पुन्हा कंपाउंडर. पुन्हा मेहुणे. सहा फोन. मी दोघांनाही समितीची प्रतिष्ठा समजावून सांगितली. अक्काचा विषय काढला नाही, घरगुती गोष्टीसाठी संस्थेवर दबाव आणणं मला पटत नाही.
सातवा फोन हिने माझ्या हातातून घेतला. कंपाउंडरला म्हणाली, भाऊ, आमच्या अक्कांना उद्या उभं राहायचंय. तो म्हणाला, अहो वहिनी, हे आधी का नाही सांगितलं? मिळेल त्या बसने निघतो. मग तिने भावाला फोन केला, चार शब्द बोलली. मेहुणेही कबूल.
माझ्या सहा फोनांनी पार्श्वभूमी तयार केली होती, हे विसरून चालणार नाही.

२९ एप्रिल, सकाळी ९
कंपाउंडरची बस वाटेत बिघडली. संध्याकाळपर्यंत येत नाही.
साडेपाचपासून स्वतः कुलूप उघडायचा प्रयत्न करतोय. बारीक हूक, तार, पट्टी, सगळं. साडेतीन तास. हललं नाही. काय कुलूप आहे! केलंय कुणी? हाताला दोन जखमा. अभिमान आणि अक्का, दोन्ही एकदम डोळ्यासमोर येतात आणि डोळ्यात पाणी कशामुळे येतंय कळत नाही.
पलीकडे टेलरबाईचं दुकान अजून बंद. रोज आठला उघडते. आजच नेमकी आळशी झाली.

२९ एप्रिल, दुपारी १
रिकाम्या हाताने हॉस्पिटलात गेलो. वाटेत तीन सबबी तयार केल्या, त्यातली दुसरी चांगली होती: कपाटाचं सरकारी ऑडिट.
वॉर्डाच्या दारातूनच आवाज ऐकू आला. रबराचे चार पाय फरशीवर टेकल्याचा. टप्प, आणि मग एक पाऊल. टप्प, पाऊल. हा आवाज मी ओळखतो. पुढच्या डाव्या पायाचं रबर मी स्वतः बदललं होतं, ते जरा कमी वाजतं.
अक्का चालत होती. चार पावलं, पाच, सहा. वॉकरवर आकडा एक. बाजूला टेलरबाई, हात पुढे धरून, न लावता. अक्काने मला बघितलं आणि म्हणाली, बाळ्या, किती उशीर. आम्ही दोन फेऱ्या मारल्या.
मला खूप बोलायचं होतं. चोरी, विश्वासघात, पोलीस. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात अक्का सातवं पाऊल टाकत होती. सातवं झाल्यावर बोलू म्हटलं. मग आठवं आलं.

२९ एप्रिल, संध्याकाळी ७
कंपाउंडर आला. धुळीने भरलेला, अंघोळ नाही, थेट दुकानात. मेहुणेही आले. दोघं एकमेकांकडे न बघता किल्ल्या घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता कळेल चोराने कपाट कसं फोडलं. तीन किल्ल्या एकदम फिरवल्या. खट, खट, खट, लोणी.
दार उघडलं. समोर टेलरबाई मशीनवर बसलेली दिसली.
कपाटाच्या आरपार. पाठीची फळी बाजूला टेकवून ठेवलेली. कपाट रिकामं. आतल्या खिळ्याला एक वही लटकलेली. टेलरबाईने मान वर केली आणि म्हणाली, दार लावा हो, तुमच्याकडच्या पंख्याचा वारा थेट येतो, पातळ कापड उडतं.
सहाही स्क्रू तिच्या बटणांच्या डब्यात होते. माझा पिवळा स्क्रू-ड्रायव्हरही. म्हणाली, अक्कांनी आणून दिला, पहिल्यांदा फळी त्यांनीच काढली. तो बेकरीवाला रडवेला होऊन आला होता ना, त्या दिवशी. आणि डांबरगोळ्यांबद्दल आभार, लोकरीच्या कपड्यांना उपयोगी पडल्या.
वही अक्काच्या अक्षरात. चौथी पास, अक्षर बोराएवढं. नाव नाही, गाव नाही, जामीनदार नाही. नुसतं: बेकरीवाल्याची आई, खुर्ची. रंगारी, कुबड्या ७. दूधवाल्याची सासू, वॉकर १, सत्तावीसला परत, मला लागेल. एकटी कुबडी गॅरेजवाल्याला, त्याला एकच हवी होती. एकूण एकेचाळीस माणसं. वस्तू एकोणीस होत्या, मग एकेचाळीस कशा? परत आल्या म्हणून. पुन्हा गेल्या म्हणून. बुडवणारा एकही नाही. आधी पुसायच्या की आधी चढवायच्या, याबद्दल वहीत काही नाही.
मेहुण्यांनी वही पूर्ण वाचली. सहीची जागा शोधली. नाही म्हटल्यावर वही परत खिळ्याला लटकवली. मग कंपाउंडरला म्हणाले, चहा घेणार का? दोघे टेलरबाईच्या दुकानात जाऊन बसले. कपाटातूनच गेले.

३० एप्रिल
शांतपणे विचार केला. मूळ कल्पना कुणाची? माझी. वस्तू कुणी गोळा केल्या? मी. कपाट कुणाचं? माझं. एकेचाळीस लाभार्थी. पुढच्या सभेत एकेचाळीस हा आकडा सांगणार. कसे, ते विचारलं तर विकेंद्रीकरण म्हणणार.
कुलूप मात्र काढणार नाही. कुलपात काही दोष नाही.

३ मे, सकाळी ११
अक्काला घरी आणलं. गॅलरीपर्यंत एकटी चालते. टॉवेल बाजूला केले.
मी थोडं रागातच विचारलं, मला न सांगता का केलंस? तुझ्या भावाचं नाव राहिलं असतं का, एखाद्याने वस्तू बुडवली असती तर? अर्ज नाही, जामीन नाही, अनोळखी माणसाला वस्तू देतं का कुणी?
अक्का म्हणाली, देतात रे. तुला नाही का दिल्या?
मी म्हटलं, मला कुणी काही दिलेलं नाही. मी बारा कानशींवर वर आलो.
अक्का वॉकर धरून उभी होती. बसली. म्हणाली, त्याच बारा. तू अठरा वर्षांचा, हाताला काम नाही, मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी दुमडायचे. तिथल्या एका बाईचा नवरा कुलूपवाला होता, नुकताच गेलेला. मी जाऊन विचारलं. तिने माझं नावही नीट विचारलं नाही. फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाली, पोराचा हात बसला की परत आणून दे, दुसऱ्या कुणाला होतील. मी तुला सांगितलं होतं, बाळ्या. दोनदा. तू ऐकलं नसशील.
आत्ता दुकानात येऊन माझा खण उघडला. कुलूपबंद असतो, धूळही नाही. कानशी मोजल्या. बाराच्या बारा आहेत. चाळीस वर्षं झाली. परत दिलेल्या नाहीत.